स्प्रिंगमधली तार

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही. एका साध्या तारेची गोष्ट आहे. ऐकून उठताना तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. काय ते शेवटी.

एक होते पियानो सुरात लावून देणारे गृहस्थ. साठी उलटली, भुवया पांढऱ्या झाल्या, पण थोरली बहीण त्यांना अजून बाळ्याच म्हणायची. तेव्हा आपणही बाळ्याच म्हणू. मनात आदर ठेवून म्हणू. घरात दोघंच, बाळ्या आणि ताई. गाडी कधी घेतली नाही, म्हणून गॅरेजचाच कारखाना केलेला. मधोमध पोट उघडून ठेवलेले पियानो, भिंतीला तारांची भेंडोळी, आणि बाजूच्या खिडकीपाशी ताईची खुर्ची. सकाळभर ताई तिथं बसून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या कापायची. पियानोच्या आतल्या हातोड्यांना त्या लागतात. आवाज मऊ होतो.

गॅरेजचं दार वर सरकणारं. एवढं जड धूड, पण एका हातानं उचललं जायचं ते दोन्ही अंगांना छताखाली बसवलेल्या लांब स्प्रिंगांच्या जोरावर. दार बंद केलं की त्या ताणल्या जात आणि तशाच ताणलेल्या राहत. ताईची खुर्ची डाव्या स्प्रिंगच्या बरोबर खाली.

दाराचा दोर झिजला म्हणून एक म्हातारे मिस्त्री आले. दोर बदलला, आणि कोणी न सांगता दोन्ही स्प्रिंगांच्या पोटातून एकेक पोलादी तार ओवून तिची टोकं पक्की बांधली. म्हणाले, "स्प्रिंग सांगून तुटत नाही. तुटली तर तुकडे या तारेवर राहतील. नाहीतर कुठं जातील, त्याचा नेम नाही."

इथवर सगळं छान. पण दार हललं की डावी तार स्प्रिंगच्या वेढ्यांना घासून झिणझिणायची. दुसऱ्या कोणाला ते ऐकूही आलं नसतं. बाळ्याला मात्र जेवण गोड लागेना.

"दोन सुरांच्या मधेच कुठंतरी वाजते ती," तो म्हणाला. "धड इकडे नाही, धड तिकडे नाही."

"वाजू दे की. तुला काय तिची मैफल ऐकायचीय?"

तिसऱ्या दिवशी त्यानं दार पूर्ण वर नेलं, स्प्रिंग सैल पडली, आणि तार ओढून काढून खणात टाकली. ताईनं हटकलं तेव्हा म्हणाला, "तारांमध्ये जन्म गेला माझा. तुटली तर हाताला ओरखडा येतो, इतकंच." पियानोची तार त्याला ठाऊक होती. एवढं दार तोलणारी स्प्रिंग ठाऊक नव्हती.

बरोबर महिन्यानं मिस्त्री दारात उभे. बोलावलं नव्हतं. आपलं काम महिन्यानं एकदा बघून जायचं, ही त्यांची रीत.

वर बघून म्हणाले, "डावीकडची तार?"

"त्याच्या कानाला विचारा," ताई म्हणाली.

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. बाळ्याला बाहेर आपल्या गाडीपाशी नेलं. टपाच्या पत्र्यात खळगी होती. "हात ठेवा." बाळ्याचा अख्खा पंजा तिच्यात बसला.

"माझ्याच घरची स्प्रिंग तुटून इथं आदळली. लोकांकडे तारा ओवत फिरलो आणि घरी उद्या घालू म्हणत राहिलो. पाच मिनिटं आधी बायको तिथं उभी होती. पत्रा सरळ करता येतो, पण करत नाही."

बाळ्यानं हात काढला नाही. नजर मात्र खिडकीतून आत, ताईच्या वाकलेल्या मानेवर गेली.

"पण तुमचा कानही खोटा नाही," मिस्त्री म्हणाले. "तार ढिली राहिली होती. ती चूक माझी. तुमच्या पियानोत नको तो आवाज कसा मारता?"

ताईनं आतूनच नमद्याची पट्टी उंच धरली.

मग दार वर नेलं, ते घसरू नये म्हणून रुळाला पकड लावली, तार पुन्हा ओवली, ताणून बांधली, दोन्ही टोकांखाली नमदा घातला. दार खालीवर केलं. बाळ्या स्टुलावर चढून कान लावून उभा राहिला.

"काहीच नाही," तो म्हणाला, जरासा हिरमुसून.

थंडी आली. दार दिवसभर बंद. एका सकाळी ताई पट्टी कापत होती, आणि फळी फुटावी तसा धाडकन आवाज झाला. बाळ्यानं वर पाहिलं. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते, आणि ते ताईच्या डोक्याच्या बरोबर वर तारेला धरून डुलत होते.

ताईनं हातातली कात्री पाहिली. "पट्टी वाकडी गेली."

बाळ्या हातातलं काम टाकून धावला. त्यानं ताईच्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला, सगळीकडून, लहान मुलाचं पाहावं तसा.

"मी काढली होती ती, ताई."

"ठाऊक आहे. परत घालू दिलीस, तेही ठाऊक आहे. आता दाराला हात लावू नकोस, त्यांना बोलाव."

मिस्त्री आले. दोन्ही स्प्रिंगा उतरवू लागले तेव्हा ताई म्हणाली, "उजवी तर धड आहे."

"जोडीनंच बदलायच्या. दोघी एका वयाच्या."

"मग आम्हा दोघांनाही एकदमच बदला."

बाळ्यानं सकाळपासून आभाराचे शब्द जुळवले होते. चांगले चार वाक्यांचे होते. ऐनवेळी एवढंच निघालं, "महिन्यानं याल ना?"

"येणारच की."

त्या दिवसापासून बाळ्या रोज दार उघडताना क्षणभर थांबतो. वर काही वाजत नाही. तेवढ्या शांततेत तो देवाला हात जोडतो.

आता माझं मागणं. तुमच्याकडेही एखादं जड दार निमूट वर जात असेल. गेलं की त्या मिस्त्रींना एकदा आठवा, पत्र्यातली खळगी तशीच ठेवून, कोणी न बोलावता परत आलेल्यांना.