माझ्या डोळ्यासमोरचे पांढरे छप्पर

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, या घराच्या दारावर, पायपुसण्याच्या बरोबर वर लटकणारा. माझी वायर कापलेली आहे. चोरांना मी चालू वाटावा म्हणून फक्त ठेवला आहे. म्हणजे मी आता बुजगावणेच.

मला घडवले ते रात्रीसाठी. माझ्या डोळ्याभोवती बारीक दिव्यांचे कडे आहे. त्यांचा उजेड माणसांना दिसत नाही, मला मात्र त्यात अंधारातले दिसे. इथे मला बसवले आजोबांसाठी. त्यांना विसर पडायचा. अपरात्री उठून, दार उघडून ते ऑफिसला निघत. ते बाहेर आले की मी बाबांचा फोन वाजवी आणि बाबा धावत येऊन वडिलांना हाताला धरून आत नेत. आजोबा सगळे विसरले, मला मात्र विसरले नाहीत. वर बघून म्हणत, "जाऊन येतो रे. घरात सांग." मी सांगत असे. "हा आहे म्हणून डोळ्याला डोळा लागतो," असे बाबा आल्यागेल्याला सांगत, तेव्हा मला अंगच नसूनही त्यावर मूठभर मांस चढे.

पुढे चपला भिजू नयेत म्हणून बाबांनी दारावर पांढरेशुभ्र छप्पर ठोकले, अगदी माझ्या नाकासमोर. दिवसा काही अडले नाही. रात्री मात्र माझाच उजेड त्यावर आपटून माझ्याच डोळ्यात येऊ लागला. धुक्याशिवाय मला काही दिसेना. एका रात्री आजोबा निघाले ते मला कळलेच नाही. दूधवाल्याने त्यांना कोपऱ्यावरून परत आणले.

बाबा भडकले. त्यांनी नवा कॅमेरा आणून फाटकाच्या खांबावर, मोकळ्या जागी लावला. मग आमची परीक्षा झाली. अंधारात आजोबांना अंगणात चालवले आणि दोघांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिली. नव्याच्या चित्रात स्वेटरचा तपकिरी रंगसुद्धा दिसत होता. माझ्या चित्रात नुसते दूध सांडलेले.

"बाबा, ते छप्पर काढून बघू या ना एकदा," ताई म्हणाली.

"काही नको. म्हातारा झालाय तो."

आजोबांनी मान खाली घातली. ते आपल्यालाच बोलतात, असे त्यांना वाटले असावे.

ज्या हातांनी माझी काच पुसली, त्याच हातांनी पक्कड चालवली. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच, मित्रांनो.

नवा देखणा खरा, पण त्याच्या नजरेत रस्ताही येई. गाडी गेली, कुत्रे गेले की फोन वाजे. कंटाळून बाबांनी रात्रीपुरता तो आवाजच बंद केला.

व्हायचे तेच झाले. एका सकाळी आजोबांचे अंथरूण रिकामे दिसले. ते बसथांब्यावर सापडले, तापाने फणफणलेले. त्यांना दवाखान्यात ठेवून आल्यावर बाबांनी इथे, माझ्याखालीच उभे राहून फोनवर रात्रीचे चित्र लावले. चित्र सुरेख होते. तपकिरी स्वेटर घालून आजोबा दारात उभे होते. त्यांनी वर, माझ्याकडे बघून काहीतरी म्हटले. मग दाराकडे तोंड करून थांबले. बराच वेळ थांबले. कुणी आले नाही, तेव्हा निघाले.

"आजोबा कुणाची वाट बघतायत?" ताईने विचारले.

मित्रांनो, कुणाला आंधळा ठरवण्याआधी त्याच्या डोळ्यासमोर आपणच काय ठोकले आहे ते बघा. माझी वायर जोडली नाही तरी चालेल. पण आजोबा घरी आले की त्यांना एवढे सांगा, त्या रात्री मी झोपलो नव्हतो.