आईच्या पायाखालचं नाव

साहेब, तुम्ही माझ्या आईचा रस्ता चोरलात. सरकारी गाडीतून आलात, आमच्या दारापुढच्या नाल्यावरचे तीन दगड उचलून नेलेत आणि वर मलाच दम भरलात, मंत्र्यांचा अपमान केलास म्हणून आत टाकीन.

मग ते दगड तिथे कसे आले, तेही ऐका.

आमच्या वस्तीतून दोन पुढारी निघाले. एक गोडबोल्या, दुसरा घुम्या. गोडबोल्याने दर निवडणुकीला आमच्या नाल्यावर पूल मंजूर केला आणि स्वतःच्या नावाची कोनशिला बसवली. पक्ष बदलला की दगड नवा. पूल मात्र तोच, म्हणजे नसलेला. आज तो मंत्री आहे. घुम्या एकदाच निवडून आला. त्याने नळ आणले, दिवे लावले, नाव लावायचं तेवढं विसरला. पुढच्या खेपेला अनामत जप्त. आता सायकलींची पंक्चरं काढतो.

माझ्या आईनेही मत गोडबोल्यालाच दिलं. मी चिडलो, तर म्हणाली, "अरे, घुम्याचं काम करून झालं. याचं अजून व्हायचंय. मग मत कुणाला द्यायचं?"

पुढे ती त्याच नाल्यात पडली. पाय मोडला. प्लास्टर काढताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज पलीकडच्या दवाखान्यात व्यायामाला या, नाहीतर पाय कायमचा आखडेल.

घुम्या पहार घेऊन आला. तिन्ही कोनशिला उपटून त्याने नाल्यावर आडव्या टाकल्या, नावं खाली करून. मंत्र्यांचा माल, दोन्हीकडून घोटून गुळगुळीत केलेला. आईची काठी सटकली.

"उलटे कर रे हे."

"काकू, वर नाव येईल त्याचं."

"येऊ दे. खोल कोरलंय, काठी धरून ठेवील. कधी नव्हे तो उपयोगी पडतोय मेला."

घुम्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर आई 'माननीय'वर काठी आणि 'शुभहस्ते'वर पाय ठेवत रोज दवाखाना गाठायची. गुडघा वाकायला लागला होता. तेवढ्यात तुम्ही उगवलात, कारण मंत्री येताहेत. त्याच पुलाची चौथी कोनशिला बसवायला.

आईचा निरोप आहे, या वेळी अक्षरं आणखी खोल कोरा. माझा निरोप नाही, सवाल आहे. तुम्ही दगड नेल्यापासून ती खाटेवर आहे आणि गुडघा पुन्हा धरलाय. उद्या सकाळी ती नाला कसा ओलांडणार? बोला साहेब.