गेली म्हणजे कुठं

आभाळातून दगड येऊन आदळणार हे कळल्यावर माझा धंदा वाढला. मी किल्ल्या बनवतो. चंद्रावरच्या वस्तीत निघालेली माणसं जाताना घरांना नवी कुलपं लावत होती. "परत कोण येतंय आता?" मी एका गिऱ्हाइकाला विचारलं. तो म्हणाला, "ते खरं हो, पण शेजाऱ्यांचा भरवसा नाही." मी किल्ली घासून दिली. हसू यायला हवं होतं, आलं नाही. बायको गेल्यापासून असंच चाललंय.

मेहुणीनं मला ओढतच नोंदणीच्या हॉलमध्ये नेलं. तिच्या घरच्यांना यानात जागा मिळाली होती. माझं घोडं अडलं होतं. एकट्या माणसाचा नंबर दगडाआधी लागेल की नाही, कुणीच सांगत नव्हतं.

काचेमागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बायको?"

"गेली."

"अरे वा, पहिल्याच खेपेला?" आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मग तुमचं काम सोपं. नवराबायकोची ताटातूट करायची नाही असा नियम आहे. उद्याच्या यानात बसा."

मी तोंड उघडलं. मेहुणीनं दंडाला चिमटा काढला. "भाऊजी, गप्प बसा," ती हळूच म्हणाली. "खोटं कुठं बोललात? गेलीच ना ताई?"

खरं होतं. दुसरा शब्द माझ्या तोंडून कधी निघालाच नव्हता. स्मशानातसुद्धा मी 'गेली' असंच म्हणत होतो.

कारकुनानं काचेखालून तिकीट सरकवलं. मी त्यावर हात ठेवला.

"बाईंचं नाव सांगा," तो म्हणाला. "वर निरोप देतो. भोंग्यावरून पुकारतील, म्हणजे त्या तुम्हाला घ्यायला येतील."

तिचं नाव पुकारणार. एकदा, मग परत एकदा. लोक इकडंतिकडं बघणार. कुणी ओ देणार नाही. मग जरा थांबून पुन्हा पुकारणार.

"पुकारू नका," मी म्हणालो. "ती वारली."

कारकुनानं तिकीट माझ्या हाताखालून ओढून घेतलं. "एकट्यांची रांग पलीकडं आहे, काका."

मेहुणी रडायला लागली. "एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला?"

"इतके दिवस गिळलाच होता की," मी म्हणालो.

एकट्यांची रांग दाराबाहेर गेली होती. मी शेवटच्या माणसाच्या मागं जाऊन उभा राहिलो.