खिशातली खडखड

आमचे हे पुन्हा सिगारेट ओढायला लागलेत, याबद्दल माझी खात्री पटली होती.

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांसमोर शपथ घेतली होती. आणि आता? या ओसाड, खडकाळ बेटावर दोन दिवस तंबूत राहायची हौस यांनाच. होडीतून उतरल्यापासून तीनदा झालं, "तू हो पुढे, मी आलोच!" आणि स्वारी खडकाआड. परत येतात ते ओठ मिटून, विचारलं तर नुसती मान हलवतात. वास लपवायला पेपरमिंट असणार, दुसरं काय! घरात माझं नाक तिखट, म्हणून हे बेट.

रविवारी सकाळी हे झऱ्यावर पाणी आणायला गेले. जाकीट तंबूच्या दोरीवर होतं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी, खिसा बाहेरून चाचपला तरी आतलं कळतं मला. खडखड वाजलं. काडेपेटी! सुई-दोरा पर्समध्ये असतोच. दुहेरी दोऱ्यानं खिशाचं तोंड शिवून टाकलं. बसा म्हणावं आता शोधत!

मग तेच जाकीट चढवून हे माझ्याबरोबर टेकडीवर निघाले. शेवटच्या चढावर पुन्हा तेच. "तू हो पुढे."

"जाते की," म्हटलं आणि वळणावरच्या खडकामागे दबा धरून बसले. आज रंगेहाथ पकडणार होते. हे खाली बसले. हात खिशाकडे गेला. दोरा ओढताहेत, नखांनी उसवताहेत. मला हसू आवरेना.

बराच वेळ मजा बघितली, मग पुढे झाले. "काय हो, उघडेना वाटतं?"

चेहरा पांढराफटक, घामानं डबडबलेला. "गोळी… जिभेखालची… खिशात."

मी खिशाला झोंबले. कात्री खाली तंबूत. दातांनी दोरा तोडू गेले, तुटेना. माझा टाका उसवत नाही म्हणून तर गिऱ्हाइकं येतात. शेवटी खिसाच टराटरा फाडला. एवढीशी बाटली निघाली.

गोळी विरघळली, हळूहळू रंग परतला.

"वेडे आहात का हो तुम्ही? सांगायचं नाही?" मी रडत ओरडले.

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" फाटक्या कापडावरून बोट फिरवत हे म्हणाले, "टाका बघूनच ओळखलं, तुझा."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तू पुढे गेली होतीस ना. ऐकू आलं नसतं."

मी दहा पावलांवर होते. तोंड दाबून हसत होते. ते मी अजून यांना सांगितलेलं नाही.