राइड हवी का?

डेव्हन ॲव्हेन्यूच्या बस स्टॉपवर शीला रामटेके बर्फात पाय आपटत उभी होती आणि बसचा पत्ता नव्हता. चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. आज नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा, हॉल डाउनटाउनला, आणि आठला दार बंद. आजची चुकली तर जुलैपर्यंत नर्सिंग होममध्ये बेडपॅन उचलत बसायचं. तेही नागपुरात अख्खा वॉर्ड सांभाळलेल्या बाईने!

आणि हा घोळ तिचा तिनेच घालून ठेवला होता. काल संध्याकाळी वरच्या मजल्यावरची कॅरल दारात येऊन म्हणाली होती, "उद्या राइड हवी का? मी त्याच बाजूला जाते."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास!"

आता आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, की अजून एकदा आग्रह करा, मग येते. कॅरल "ओके" म्हणाली आणि जिना चढून गेली. शीला दार उघडं ठेवून वाट बघत राहिली.

"वर जाऊन सांग ना, यार," नवरा ज्ञानदेव म्हणाला.

"मी मागायला जाऊ?" ती फणकारली.

इथे परदेशात आल्यापासून 'राइड' या शब्दाने तिला जेरीस आणलं होतं. एअरपोर्टवरून कुणी घरी आणलं, ती राइड. किराण्याला कुणाच्या गाडीत बसलो, ती राइड. जत्रेतला पाळणा, तोही राइडच. पण आपल्याकडे गाडी नसताना राइड मागणं म्हणजे निव्वळ लाचारी, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

बस नाहीच आली. आली ती कॅरलची निळी गाडी. काच खाली झाली.

"राइड हवी का?"

"नो, नो, थँक यू!"

शीलाच्या तोंडून ते आपसूक निघून गेलं. कॅरलने हसून हात हलवला आणि गाडी निघाली. कसला मान आणि कसलं काय! साडी एका मुठीत धरून शीला घसरत, धडपडत, भर रस्त्यातून धावत सुटली. "येस! येस! राइड! मला पाहिजे राइड!" पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने डिकीवर दोन्ही हातांनी धडाधड थापा मारल्या.

कॅरलने घाबरून दार उघडलं. "अगं, मग 'नको' का म्हणालीस?"

शीला आत शिरली. तिला रडू फुटलं. रडता रडता तिने घड्याळाकडे पाहिलं. रस्ता मोकळा मिळाला तर पोचणार होती.

पुढच्या सिग्नलला कॅरलने थर्मास पुढे केला. "कॉफी?"

"नको न—" शीलाने जीभ चावली. "हो. आणि परतताना पण राइड हवी."