तांदळात लिहिलेलं नाव

कॅरिबियन बेटावर राहणाऱ्या लेकीचं, प्रणिताचं, बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि दुर्गापुऱ्यातला व्हिसा एजंट विभाताईंना विचारत होता, "आप उनकी माँ हैं, इसका प्रूफ?"

पासपोर्टवर नाव: विभा.
प्रणिताच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव: सुधा.

विभाताईंचं पहिलं बाळंतपण, म्हणजे प्रणिताचा जन्म, माहेरी झालं. दाखला त्यांच्या वडिलांनी काढला, तो आपल्या लेकीच्या जुन्याच नावाने. विभा हे नाव नवऱ्याने, नंदकिशोरांनी, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं.

"मग तांदूळ आणून दाखवू का याला?" विभाताई कडाडल्या.

"अगं, हळू बोल. मी देतो ना प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच म्हणून," नंदकिशोर म्हणाले.

"तुम्ही? माझं नाव पुसलंत तुम्ही, आणि आता मी कोण हेही तुम्हीच सांगणार?"

एजंटाने प्रतिज्ञापत्राचा छापील कागद नंदकिशोरांपुढे सरकवला.

"भैया, कागद इकडे द्या. कळा मी सोसल्यात, शपथही मीच घेईन."

त्यांनी दोन्ही नावांनी सह्या ठोकल्या आणि नवऱ्याला खाली साक्षीदाराची जागा दाखवली.