शिडीला हाक मारायची नाही

आमच्या हॉस्पिटलच्या बास्केटबॉल टीमचे सगळे डावपेच एका वाक्यात सांगता येतात : चेंडू मिळाला की शिडीला दे. शिडी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती अँब्युलन्स चालवते, आणि उंची अशी की सीट कितीही मागे सरकवली तरी गुडघे स्टिअरिंगला टेकतात. टीममध्ये तिला मी आणली, त्यामुळे तिच्या प्रत्येक बास्केटवर थोडा माझाही हक्क आहे असं मी धरून चालते. मी एक्स-रे काढते आणि टीमची कॅप्टन आहे. सात वर्षांत बँकेच्या टीमला आम्ही एकदाही जिंकू दिलेलं नव्हतं. त्याचा आम्हाला माज होता आणि तो आम्ही लपवत नव्हतो.

मग शिडीला एका मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. दुसरं शहर, खेळायचा पगार, राहायला घर. माझा दीर तर नाचायचाच बाकी होता. त्याचं काम लॅपटॉपवरचं, कुठेही बसून होणारं. सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, इथे रोज दाराला डोकं आपटून घेतेस, त्यापेक्षा तिथे जा." फक्त बाईसाहेबांचाच पाय निघेना.

गुरुवारी आम्ही भांडी आवरत होतो. मी पुसून द्यायची आणि तिने वरच्या फळीवर ठेवायची, अशी आमच्या घरातली वाटणी आहे.

"शनिवारी क्लबच्या बाई मॅच बघायला येणारेत, फॉर्म घेऊन," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगते त्यांना."

"का गं?"

"ताई, मी गेले तर तुमचं काय होईल?"

टोमणा असता तर मी उलट टोमणा मारून मोकळी झाले असते. पण ती खरोखर काळजीने म्हणाली, आणि तेच मला झोंबलं.

"आम्ही काय तुझ्या ओंजळीने पाणी पितो?"

तिने पातेलं फळीवर ठेवलं आणि गप्प बसली. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे 'हो'.

"ठीक आहे," मी म्हणाले. "शनिवारी पहिला अर्धा डाव तू खेळ. मग बाकावर बसायचं. आम्ही तुला हाक मारली, तर नको जाऊस कुठे, म्हातारी होईपर्यंत इथेच खेळ. नाही मारली, तर मॅच संपल्यावर सही करायची."

"आणि हरलात तर?"

"हरायची गोष्ट कोण करतंय इथे?"

शनिवारी मध्यंतराला आमचे अडतीस होते, बँकेचे चोवीस. आमच्यातले अठ्ठावीस एकट्या शिडीचे. आमचे कोच म्हणजे स्टोअरवाले काका. त्यांना पैज सांगितलेली होती. ते म्हणाले, "चौदाची आघाडी आहे, झोपेत जिंकाल." शिडीने जॅकेट घातलं आणि बाकावर बसली.

मी चेंडू आक्काला दिला. आक्का लाँड्रीतली. तिने लॅबवालीला दिला, लॅबवालीने परत मला. काय सुंदर पास होते! मी परत आक्काला दिला आणि भोंगा वाजला. चोवीस सेकंदांत शॉट मारायचा असतो, आणि आमच्यातल्या कोणी तो मारलाच नव्हता. पुढच्या वेळीही तेच झालं. तिसऱ्यांदा बँकवाल्या अडवायच्या सोडून हसत उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्या माना वर करून शिडीचा हात शोधत होतो. मी स्वतः मॅचमध्ये शेवटचा शॉट कधी मारला होता, तेही मला आठवेना.

आघाडी तीनवर आली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आक्का, मार!"

"मी?"

"नाही, माझी सासू! मार!"

"येऊ का गं मी?" प्रेक्षकांतून सासूबाईंचा आवाज आला.

आक्का दिवसभर ओल्या चादरी उचलते. तिने चेंडू असा भिरकावला की फळ्याचा धाडकन आवाज झाला, आणि तो आत गेला. आक्का स्वतःच्या हातांकडे बघतच राहिली. पुढचा चेंडू तिने मागून घेतला. मग लॅबवालीलाही चेव आला. आम्ही चुकत होतो, पडत होतो, पण आता मारत होतो.

नऊ सेकंद उरले. बँक बासष्ट, आम्ही एकसष्ट, चेंडू आमचा. काकांनी टाइमआऊट घेतला.

"कॅप्टन तू आहेस," ते मला म्हणाले. "बोलावू?"

शिडी जॅकेट काढून उभीच होती. तिचे डोळे भरले होते. "ताई, नऊ सेकंद फक्त. मार ना हाक."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ती आली तर आम्ही जिंकणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सात वर्षांचा माज माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

"बस खाली," मी म्हणाले.

चेंडू माझ्याकडे आला. मी कोणाला शोधलं नाही, मारला. तो कडीवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. बँकवाल्या लहान मुलींसारख्या उड्या मारायला लागल्या.

शिडी तरातरा माझ्यासमोर आली. "मी असते तर जिंकलो असतो!"

"जिंकलोच असतो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर तू आली असतीस."

तिने जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. मी म्हणाले, "तुझ्याशिवाय तेवीस केले आम्ही आज. पुढच्या वर्षी चाळीस करू. बँकवाल्यांना म्हणावं, आत्ताच हसून घ्या."

क्लबच्या बाई फॉर्म आणि पेन घेऊन आल्या. कागद ठेवायला जवळ टेबल नव्हतं.

"वाक," शिडी मला म्हणाली.

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. तिने कागद माझ्या पाठीवर ठेवला. घामाने भिजलेल्या जर्सीतून पेनाचं टोक लागत होतं. मी खाली तोंड करून रडत होते; नशीब, कोणाला दिसत नव्हतं. आता वरच्या फळीवर भांडी कोण लावणार, एवढंच डोक्यात येत होतं.

"ताई, हलू नकोस ना," ती म्हणाली. "सही वाकडी होतेय."